मॉडिफाय गाडीचा पॉवर ब्रेक नीट लागत नाही? बूस्टर बदलायच्या आधी एवढं बघून घ्या

नाशिकमध्ये हॉट रॉड (जुन्या बॉडीत मोठं इंजिन टाकलेली गाडी) म्हटलं तर १९३२ ची फोर्ड कोणाच्या दारात उभी नाही, पण सीजे जीपमध्ये दुसरंच इंजिन, अँबेसेडरला पुढे डिस्क, कॉन्टेसाला भलतंच डिझेल, असली प्रकरणं गल्लोगल्ली आहेत आणि खोड तीच आहे. त्या मूळ अमेरिकन फोर्डला पण १९३८ पर्यंत हायड्रॉलिक ब्रेक नव्हतेच, रॉडवर चालणारे ब्रेक होते, हायड्रॉलिक आले १९३९ च्या मॉडेलला. म्हणजे जुन्या बॉडीत मोठं इंजिन टाकायचं आणि मग दुसऱ्या गाडीचे ब्रेक आणून जुळवत बसायचं हा उद्योग पहिल्या दिवसापासूनचा आहे.

आता मुद्द्याचं. कंपनीच्या गाडीत ब्रेक बिघडला तर काहीतरी खराब झालेलं असतं, ते शोधायचं, बदलायचं, विषय संपला. मॉडिफाय गाडीत बऱ्याचदा सगळे पार्ट चांगले असतात, पण बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) एका गाडीचा, मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) दुसऱ्या, पेडल तिसऱ्या आणि इंजिन चौथ्या, आणि यांचं एकमेकांशी जमत नाही. म्हणून नवीन बूस्टर आणला, तो पण बसवला, तरी पेडल तसंच, मग दुकानदाराला शिव्या. बूस्टर सगळ्यात शेवटी बदलायचा. त्याच्या आधी काय काय बघायचं ते क्रमाने सांगतो, आणि क्रम मोडू नका, कारण पुढची टेस्ट मागच्या टेस्टवर उभी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. ब्रेकवर शंका असलेली गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही. मुंबई नाक्याच्या सर्कलला संध्याकाळी काय हाल असतात माहितीये ना. मिस्त्रीला घरी बोलवा नाहीतर टोइंग करा. आणि गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा, चाकाला दगड लावा, कारण आपण हँडब्रेक सोडून काम करणार आहोत.

आधी तक्रार नीट ओळखा

"ब्रेक लागत नाही" एवढं सांगून काही कळत नाही. पेडल कडक आहे आणि पूर्ण ताकद लावली तरी गाडी थांबत नाही, ही एक तक्रार. पेडल मऊ आहे, खाली जातं, दोन-तीनदा मारल्यावर वर येतं, ही दुसरी. पाय नुसता ठेवला तर पेडल हळूहळू फ्लोअरकडे सरकतं, ही तिसरी. गाडी चालून गरम झाली की ब्रेक स्वतःच धरायला लागतो, चाकं जाम, ही चौथी. आणि पाय टेकवला की गाडी तोंडावर आपटते, ही पाचवी. पहिली तक्रार बहुतेक वेळा व्हॅक्यूम नाहीतर मापांची असते. दुसरी आणि तिसरी ब्रेक ऑइलच्या बाजूची, म्हणजे हवा, लिकेज, मास्टर सिलेंडर, तिथे बूस्टरचा संबंध जवळपास नसतो. चौथी पुशरॉड (बूस्टरमधून मास्टरला ढकलणारा रॉड) किंवा अडकलेल्या प्रेशरची. पाचवी बूस्टर गरजेपेक्षा मोठा असल्याची किंवा मागचे ब्रेक आधी लागत असल्याची. मऊ पेडलसाठी बूस्टर बदलणारे लोक मी बघितलेत, आणि तो पैसा सरळ पाण्यात जातो.

पाच मिनिटांच्या तीन टेस्ट, एकही पाना न लावता

पहिली. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, बूस्टरमधला साठलेला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल दगड होईल. आता पाय दाबून धरा आणि इंजिन स्टार्ट करा. पेडल थोडंसं खाली गेलं पाहिजे, पायाला लगेच जाणवतं. गेलं तर बूस्टर काम करतोय. जागचं हललंच नाही तर एकतर बूस्टरपर्यंत व्हॅक्यूम पोचत नाही नाहीतर बूस्टर गेलाय.

दुसरी. इंजिन मिनिटभर चालवा, बंद करा, मग पेडल मारा. पहिले दोन-तीन ब्रेक हलके लागले पाहिजेत आणि मग हळूहळू कडक होत गेले पाहिजेत. पहिल्याच दाबाला कडक असेल तर व्हॅक्यूम टिकत नाहीये, म्हणजे होजच्या तोंडाशी बसणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) गळतोय किंवा बूस्टरचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटलाय.

तिसरी. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा आणि तसंच धरून इंजिन बंद करा, अर्धा मिनिट थांबा. पेडल जागेवर राहिलं पाहिजे. पायाला वर ढकलायला लागलं तर बूस्टरमध्ये हवा शिरतेय.

हे करताना कान पण उघडे ठेवा. पेडल दाबताना डॅशबोर्डखाली हलकासा फुस्स आवाज येतो, त्यात काही नाही, बाहेरची हवा बूस्टरच्या मागच्या बाजूला शिरते त्याचा तो आवाज. पण पाय न लावता सतत सूसू चालू असेल, किंवा ब्रेक दाबला की इंजिनचं आयडलिंग बदलतं, धडधडतं, बंद पडायला येतं, तर लिकेज नक्की. खात्री करायची असेल तर बूस्टरकडे जाणारा होज काढून मॅनिफोल्डच्या नळीला घट्ट बूच लावा, आयडलिंग सुधारलं तर चोर सापडला.

व्हॅक्यूम गेज घ्या, अंदाजाने बोलू नका

ही पायरी लोक गाळतात आणि अर्ध्याहून जास्त केसेस इथेच असतात, म्हणून जरा जास्त लिहितो.

बूस्टर स्वतः ताकद तयार करत नाही. आत एक मोठा रबरी डायफ्राम, त्याच्या एका बाजूला इंजिनचा व्हॅक्यूम आणि ब्रेक दाबला की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. या दोन्हीमधला जो फरक आहे तोच तुमच्या पायाला मदत करतो. ८ इंची सिंगल डायफ्रामचा बूस्टर घेतला आणि १८ इंच व्हॅक्यूम (हे इंच पाऱ्याचे, गेजवर दिसतात ते) मिळाला तर हिशेबाने साधारण २०० किलोपर्यंत जोर मिळतो. त्याच बूस्टरला १० इंचच मिळाला तर ११० किलोच्या आसपास. बूस्टर तोच, नवा कोरा, पण मदत जवळपास अर्धी. आणि जागा नाही म्हणून ७ इंची बसवला असेल तर १८ इंचाला पण दीडशे किलोच्या फार वर जात नाही.

गेज टी-जॉइंट टाकून बूस्टरच्या होजमध्येच लावा, बूस्टरजवळ. मॅनिफोल्डला लावून बघितलं तर होजमधला दोष दिसणार नाही. इंजिन पूर्ण गरम करा, आयडलवर रीडिंग घ्या. १८ इंच म्हणजे साधारण ४५५ मिलिमीटर, एवढं मिळालं की निवांत. १५-१६ च्या खाली गेलं की पेडल जड लागायला लागतं. आणि हे लक्षात ठेवा की नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, उंची वाढली की हवेचा दाब कमी आणि गेज पण कमी दाखवतं, हजार फुटाला साधारण एक इंच. त्यामुळे मुंबईत २० दाखवणारं इंजिन इथे १८ दाखवणार, त्याला बिघाड समजू नका. पण अमेरिकन व्हिडिओमध्ये चालणारा सेटअप आधीच काठावर असेल तर इथे तो काठाच्या खाली जातो हे पण समजून घ्या.

पेट्रोल इंजिनला व्हॅक्यूम कमी येण्याची कारणं. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे गरम कॅम. जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम टाकला की आयडलवर दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात, गाडी मस्त लयीत धडधडते, ऐकायला भारी, पण व्हॅक्यूम १०-१२ वर येतो. ती धडधड पाहिजे आणि हलका ब्रेक पण पाहिजे असं फुकटात होत नाही. मग येतं टायमिंग, इग्निशन मागे असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तर व्हॅक्यूम पडतो, आणि हे तर टायमिंग लाइट लावून दहा मिनिटात सुधारतं. कार्बोरेटरच्या बेसचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग, उघडी राहिलेली एखादी बारकी नळी, हे सगळं बघा. आणि होज कुठून घेतलाय ते बघा. काही जण कार्बोरेटरच्या अशा पॉइंटवर होज लावतात की जिथे आयडलला व्हॅक्यूमच नसतो, एक्सलेटर दिल्यावर येतो. ब्रेक मारताना आपला पाय एक्सलेटरवर असतो का? होज थेट मॅनिफोल्डच्या मोठ्या पॉइंटवरच पाहिजे, जिथे सगळ्या सिलेंडरचा व्हॅक्यूम मिळतो.

होजबद्दल अजून एक. पाण्याचा किंवा पेट्रोलचा साधा पाइप लावू नका. थंड असताना ठीक दिसतो, इंजिन तापलं की आतून चपटा होतो आणि व्हॅक्यूम अडतो. गाडी उभी केली, बॉनेट उघडलं, तोपर्यंत तो परत गोल. मग मिस्त्री म्हणतो सगळं ओके आहे आणि तुम्ही म्हणता घाटात ब्रेक कडक झालेला, आणि खरं दोघांचंही असतं. व्हॅक्यूम ब्रेकसाठीचाच जाड भिंतीचा होज घ्या, आतून १० मिलिमीटरच्या आसपास.

आता डिझेलवाले, आणि आपल्याकडे तेच जास्त. आपल्या जुन्या डिझेल इंजिनला पेट्रोलसारखी थ्रॉटलची पाकळी नसते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये बूस्टर चालेल एवढा व्हॅक्यूम तयारच होत नाही. म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांना अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असतो, त्याला इंजिन ऑइलची बारीक नळी जाते. पेट्रोल जीपमध्ये डिझेल टाकलं आणि बूस्टरचा होज इनटेकला जोडला, असं केलं असेल तर ब्रेक आयुष्यात हलका होणार नाही. दुसरा प्रकार, लाइटा आणि विंच टाकली म्हणून मोठ्या अँपियरचा अल्टरनेटर लावला आणि नव्याला मागे पंपच नाही. काम इलेक्ट्रिशियनने केलं, ब्रेकवाल्याला पत्ता नाही. चांगल्या पंपाने आयडलवर पण २२-२३ इंचाच्या वर दाखवायला पाहिजे. कमी असेल तर पंपाच्या पाती घासल्यात किंवा ऑइल पोचत नाही. बूस्टरचा होज काढल्यावर आत काळं ऑइल दिसलं तर पंपाकडून ऑइल उलटं येतंय, पंपाची परतीची नळी चोंदलीये का बघा, कारण ते ऑइल बूस्टरच्या रबराला खातं आणि मग खरोखर बूस्टर बदलावा लागतो.

टर्बो पेट्रोल असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह चांगलाच पाहिजे, नाहीतर बूस्टचं प्रेशर उलटं ब्रेक बूस्टरमध्ये. तोंडाने फुंकून बघा, इंजिनच्या दिशेने हवा गेली पाहिजे, उलटी अजिबात नाही.

सगळं बघून पण कॅममुळे व्हॅक्यूम कमीच राहिला तर १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप लावा, रिले आणि फ्यूज टाकून, व्हॅक्यूम स्विचसह. नुसती व्हॅक्यूमची टाकी लावून भागेल असं कोणी म्हटलं तर अर्धंच ऐका. टाकी म्हणजे साठा, जेवढा व्हॅक्यूम इंजिन देतं तेवढाच त्यात साठणार, १० इंचाचे १८ होत नाहीत. सिग्नलला एक-दोन ब्रेक जास्त मिळतात, बस.

मापं: पेडल आणि मास्टर सिलेंडर

व्हॅक्यूम चांगला आहे, तिन्ही टेस्ट पास, तरी पेडल कडक. मग टेप घ्या.

पेडल ज्या पिनवर फिरतं तिथून पायाच्या पॅडच्या मध्यापर्यंत मोजा. मग त्याच पिनपासून पुशरॉडच्या भोकापर्यंत मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. १२ इंच आणि २ इंच आलं तर रेशो ६. साध्या, बूस्टर नसलेल्या ब्रेकला ६ च्या आसपास पाहिजे, पॉवर ब्रेकला ४ च्या आसपास चालतो. ३ किंवा त्याच्याही खाली आला तर पेडल कडक लागणारच, त्यात बूस्टरचा काय दोष. उलट जुन्या जीपचं ६ चं पेडल तसंच ठेवून बूस्टर लावला तर पेडल लांब जातं आणि ब्रेक फार नाजूक होतो, पाय टेकला की पुढचे लोक डॅशबोर्डवर.

दुसरं माप मास्टर सिलेंडरच्या बोअरचं, म्हणजे आतल्या व्यासाचं, आणि इथे नव्या माणसाचा अंदाज बरोबर उलटा जातो. लोकांना वाटतं मोठा मास्टर म्हणजे जास्त ब्रेक. बोअर मोठा केला की त्याच ताकदीला प्रेशर कमी होतं. हिशेब करून बघा, पायाने ३० किलो दिले, रेशो ६, म्हणजे रॉडवर १८० किलो. १ इंची बोअरचं क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर, तर प्रेशर चौरस सेंटिमीटरला ३५ किलोच्या थोडं वर. तेच पाऊण इंचाच्या पुढचा, ७/८ इंची बोअर घेतला तर क्षेत्रफळ ३.८८ आणि प्रेशर ४६ किलो. नुसता बोअर बदलून जवळपास ३० टक्के जास्त. बदल्यात पेडल तेवढंच जास्त खाली जाणार, कारण ऑइल तेवढंच ढकलायचंय. म्हणून पेडल कडक आणि उंच असेल तर बोअर मोठा असल्याचा संशय घ्या, पेडल हलकं पण फार खाली जात असेल तर लहान. मास्टरच्या बॉडीवर बहुतेक वेळा माप कोरलेलं असतं, घासून बघा. आणि एवढं सगळं मोजून झाल्यावर आकडे बॉनेटच्या आतून रंगाने लिहून ठेवा, पुढच्या मिस्त्रीला परत टेप काढायला लागणार नाही.

बोअर बदलायच्या नादात लेथवाल्याकडे जाऊन जुना मास्टर टर्निंग करून घेऊ नका. पेडलच्या भोकाची जागा बदलायची असेल तर नवीन ब्रॅकेट बनवा, चांगल्या वेल्डरकडून. अंबड-सातपूरमध्ये जिग-फिक्श्चरवर काम केलेली माणसं भरपूर आहेत, आपल्या शहराचा तो फायदाच आहे.

पुशरॉडची फट

बूस्टरमधून जो रॉड बाहेर येऊन मास्टरच्या पिस्टनला ढकलतो, त्याच्या आणि पिस्टनच्या मध्ये पाय सोडलेला असताना अगदी थोडी फट पाहिजे, अर्धा ते एक मिलिमीटर. बूस्टर एका गाडीचा आणि मास्टर दुसऱ्या गाडीचा असला की ही फट हमखास चुकते. फट जास्त असेल तर पेडलचा पहिला भाग फुकट जातो. फट नसेलच, रॉड पिस्टनला आधीच ढकलून बसला असेल, तर ते जास्त वाईट. मास्टरमध्ये एक बारीक भोक असतं ज्यातून तापून फुगलेलं ऑइल टाकीत परत जातं, पिस्टन पुढे सरकलेला असला की ते भोक झाकलं जातं. मग घरून निघताना गाडी मस्त, गंगापूर रोडला सिग्नल-सिग्नल खेळत गेलात की ऑइल तापतं, फुगतं, परत जायला वाट नाही, ब्रेक लागून राहतो, त्याने अजून तापतं. शेवटी गाडी हलतच नाही. अर्धा तास उभी केली की आपोआप सुटते.

मापायचं कसं? पोरांची खेळायची क्ले रॉडच्या टोकावर लावा, मास्टर जागेवर बसवून नट आवळा, परत काढा, दबलेल्या क्लेची जाडी बघा. रॉडच्या टोकाला ॲडजस्ट करायचा स्क्रू असतो बहुतेक, नसेल तर योग्य लांबीचा रॉड शोधा. मध्ये वॉशर टाकून मास्टर पुढे सरकवणं हा जुगाड चालतो असं सांगणारे भेटतील, ऐकू नका.

ब्रेक धरून राहिला असेल तेव्हाच, गरम असतानाच, ही टेस्ट करा, पण आधी जागा सपाट आणि चाकाला दगड. मास्टरचे बूस्टरवरचे दोन नट दोन-तीन मिलिमीटर सैल करा. चाकं सुटली तर रॉड लांब आहे किंवा पेडलच पूर्ण परत येत नाही. ब्रेक लाइटचा स्विच पेडलला रेटून बसवलेला असला तरी हेच होतं, तो आधी बघा, फुकटातला इलाज आहे. सुटली नाहीत तर मास्टरवरची पाइपची जोडणी थोडी सैल करा. आता सुटली तर प्रेशर मास्टरमध्ये अडकतंय. तरी नाही सुटली तर जाम चाकाचा निप्पल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) उघडा, आता सुटलं तर रबरी होज आतून फुगून बंद झालाय. निप्पल उघडून पण चाक जाम असेल तर ऑइलचा प्रश्न नाही, कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन किंवा पिना गंजल्यात. या टेस्टला ऑइल सांडतं, रंगावर पडलं तर रंग उठतो, पाण्याने लगेच धुवा.

इंजिन चालू केलं की ब्रेक स्वतः लागतो, बंद केलं की सुटतो, असं असेल तर बूस्टरचा होज काढून बघा, होज काढल्यावर सुटला तर बूस्टरचा आतला व्हॉल्व्ह अडकलाय. इथे मात्र बूस्टर बदलाच.

ऑइलची बाजू

जीपला पुढे डिस्क टाकल्या आणि मास्टर जुना ड्रमचाच ठेवला, ही आपल्याकडची ठरलेली चूक. ड्रमच्या बऱ्याच जुन्या मास्टरच्या तोंडाशी आत एक व्हॉल्व्ह असतो जो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय प्रेशर धरून ठेवतो, ड्रमला ते लागतं, पण डिस्कला तेवढं प्रेशर म्हणजे पॅड कायम घासत राहणार. शिवाय कॅलिपरला ऑइल जास्त लागतं, पॅड झिजत गेले की छोटी टाकी रिकामी होते. डिस्क-ड्रम गाडीचा, दोन सर्किटचा मास्टर घ्या. जुन्या जीपचा एका सर्किटचा मास्टर म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला.

सीजेला मास्टर फ्लोअरखाली असतो. तो तिथेच ठेवला आणि कॅलिपर त्याच्यापेक्षा उंच असतील तर ऑइल हळूहळू उलटं येतं आणि सकाळचं पहिलं पेडल खाली जातं. त्याला डिस्कच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो. आणि सायलेन्सरचा पाइप जवळून जात असेल तर मध्ये पत्र्याची शील्ड लावा.

पेडल स्पंजी असेल आणि कितीही एअर काढली तरी जात नसेल तर निप्पल बघा. कॅलिपरला निप्पल सगळ्यात वरच्या बाजूला पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे बसला की निप्पल खाली येतो, हवा वर अडकते, आणि दिवसभर पेडल मारत बसलात तरी निघणार नाही. मास्टर नवीन असेल तर गाडीला लावायच्या आधी व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढून घ्या. मग सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, जवळचं शेवटी.

पाय ठेवून पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळत नसेल, तर मास्टरच्या तोंडाला बूच लावून बघा, तरी खाली गेलं तर मास्टरचं रबर गेलं. ऑइल कमी होतंय, चाकाशी कुठेच ओल नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय असं असेल तर मास्टरच्या मागच्या सीलमधून ऑइल बूस्टरमध्ये आणि तिथून इंजिनमध्ये जातंय. मास्टर काढून बूस्टरच्या तोंडात बोट फिरवा, लगेच कळेल.

किट बदलताना मिस्त्री रबरं पेट्रोल-डिझेलमध्ये धूत असेल तर तिथेच थांबवा, रबर फुगतं आणि महिन्याभरात परत तेच. ब्रेक ऑइलनेच धुवायचं. ऑइल डॉट ४ घ्या, सीलबंद डब्यातलं. नवीन असताना कमीत कमी २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरलं की ही हद्द १५५ पर्यंत उतरते, आणि त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसात चार महिने फिरणाऱ्या गाडीत पाणी मुरतंच. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३-४ मध्ये मिसळायचं नाही. पाइपसाठी एसीवाल्याकडची तांब्याची नळी तर अजिबात नको, कंपनाने तडकते. स्टीलचा ब्रेक पाइप आणि दुहेरी फ्लेअर, म्हणजे पाइपचं टोक दुहेरी दुमडून फुलवलेलं.

मोठे टायर

हे ब्रेकमध्ये कोणी धरत नाही. २८ इंचाचे टायर काढून ३३ चे टाकले तर तेवढंच थांबायला चाकावर जवळपास १८ टक्के जास्त जोर लागतो, टायरचं वजन वाढलं ते वेगळंच. बूस्टर काल जेवढा होता तेवढाच आज आहे. डिस्क मोठी करा किंवा टायर लहान, मधला रस्ता चांगल्या पॅडचा, तो थोडाच पुरतो.

कागदाचं पण बोलून घेऊ. इंजिन बदललं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, पेठ रोडच्या आरटीओत जाऊन आधी विचारा, मग खर्च करा. नोंद नसलेल्या बदलावर अपघातानंतर इन्शुरन्सवाले काय म्हणतील याचा विचार ज्याचा त्याने करावा.

रस्त्यावर काढताना

आधी गाडी जागेवर, इंजिन चालू, पूर्ण ताकदीने पेडल अर्धा मिनिट दाबून धरा आणि दुसऱ्याला चारही चाकं आणि सगळ्या जोडण्या टॉर्चने बघायला सांगा. मग सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीच्या आतल्या रिकाम्या रस्त्यावर २० च्या स्पीडने, मग ४०. हात सैल ठेवा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. मागची चाकं आधी लॉक होत असतील तर तिथेच थांबा, मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावून मागचं प्रेशर कमी करा, कारण मागचं आधी लॉक झालं की गाडी गर्रकन फिरते. नवीन पॅड असतील तर ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा हळू करा, पूर्ण न थांबता, मध्ये थंड व्हायला वेळ देत.

कसारा घाट किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जायचा रस्ता एवढ्यात नको. आधी त्र्यंबकपर्यंत जाऊन या आणि परत आल्यावर गाडी न्यूट्रलला ढकलून बघा, सहज हलते का. प्रत्येक चाकाजवळ हात न्या, लावू नका, नुसती धग बघा, एकच चाक जास्त तापलं असेल तर ते धरतंय. ऑइलच्या टाकीवर मार्करने रेघ मारा, आठवडाभर रोज सकाळी बघा. रेघेखाली गेलं तर परत वरून ऑइलच्या बाजूच्या टेस्ट. घाटाला पहिल्यांदा जाल तेव्हा खालचा गिअर टाकून उतरा, आणि इंजिन बंद करून न्यूट्रलला गाडी सोडायची सवय असेल तर ती आधी सोडा, इंजिन बंद म्हणजे बूस्टरला दोन-तीन ब्रेकपुरताच व्हॅक्यूम.